पडद्याआडची मूठ

ती घटना मला आजही आठवते, असं लिहायला दौत पुढे ओढली, तर आमची मंडळी आतून म्हणाली, "तुमाले काय आठवते? तपास तं म्या केल्ता!" हे पूर्णपणे खोटं नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो, की पुढे जिथे काही शहाणपणाचं दिसेल, तिथे ते माझंच असेल असं वाचकांनी धरून चालू नये.

महायुद्ध पेटायच्या जरा आधीचा काळ. मी अकोल्याकडच्या मालेगावच्या ठाण्यावर फौजदार होतो. एक जमादार, मोजके शिपाई आणि एक सरकारी घोडा एवढा माझा संसार. घोड्याचं आणि माझं पटत नसे. दौऱ्यावर मी चालत जायचो आणि घोडा सोबतीला यायचा.

त्या साली मोहरम आणि होळी पाठोपाठ आली होती. असा योग आला की पोलीस खात्यात कुणाचा सासरा वारला तरी रजा मिळत नाही. सवाऱ्या, म्हणजे मोहरमचे पंजे, कोणत्या गल्लीतून निघणार, होळीसाठी कोण कुणाचं कुंपण उपसणार, याचा बंदोबस्त आठवडाभर आधीच सुरू होई. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना ठाण्यात बोलवायचं, चहा पाजायचा आणि शांतता राखण्याबद्दल अंगठे घ्यायचे, हा शिरस्ता होता. ज्याला चहा पोचला नाही, तोच पुढे भांडण काढतो, हा माझा तेव्हाचा अनुभव.

त्याच धांदलीत एका गाडीवानाला शिपायांनी धरून आणलं. गुन्हा एवढाच, की भर बाजारात रस्त्याच्या मधोमध गाडी सोडून तो भजी खायला गेला होता. मी त्याला मोहरमच्या पाचव्या रोजी पुन्हा हजर राहायला सांगितलं.

"पाचव्या रोजी नाई जमत जी," तो म्हणाला. "त्या रोजी माही गाडी मोगलाईत चालली. कल्हईवाल्यानं ठरवली हाय. त्यो अन् त्याचं पोट्टं."

"मग परत आल्यावर ये."

"मी येतो ना जी. पन रिकामाच येतो. परतीचं त्यो काई बोललाच नाई. म्या दोनदा इचारलं, तं म्हने, तुले काय करायचं?"

मी मान डोलावली आणि त्याला सोडून दिलं. जमादार मात्र दाराशी तसाच उभा राहिला. जुना माणूस. माझ्याआधी चार फौजदार त्याने वापरून पाहिले होते.

"सायेब, त्या कल्हईवाल्याले पोट्टंच नाई," तो म्हणाला. "म्हंजे हाय, पन त्याच्यापाशी नाई."

मग सगळं कळलं. कल्हईवाला पैनगंगेपलीकडच्या एका गावचा. वर्षातले बरेच महिने आमच्या बाजूला फिरून भांड्यांना कल्हई करी. बायको मालेगावची. मागच्या साली त्यांचा तलाक झाला. तलाक का झाला ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर दोन गोष्टी ऐकाव्या लागल्या असत्या आणि दोन्ही खऱ्या निघाल्या असत्या. चार वर्षांचा मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आईपाशी राहील, असा अकोल्याच्या कोर्टाचा हुकूम होता. आई आता भावाकडे राहत होती. भावाचं बाजारात बांगड्यांचं दुकान.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. रिसोडकडच्या वाटेने पैनगंगा ओलांडली की निजामाची मोगलाई सुरू होई. आमचा हुकूम त्या पाण्यात भिजून पलीकडे निघे तो कोरा कागद होऊन. तिकडच्या अंमलदारांशी लिखापढी सुरू केली, तर उत्तर येईपर्यंत मुलाला मिसरूड फुटायची. म्हणजे हा असा गुन्हा होता, की घडण्याआधी तो गुन्हा नाही आणि घडल्यावर तो मोगलाईत.

"जमादार, बापानं स्वतःचंच मूल नेलं, तर कलम लागतं का हो?" मी विचारलं. मी कायद्याचं पुस्तक उघडून बसलो होतो.

"मले काय ठाऊक जी? पन मानसानं सोताचाच बैल चोरला, तं पंचनामा कोनाच्या गोठ्याचा करता?"

कोर्टाचा हुकूम असल्यामुळे कलम लागत होतं. पण जमादाराचा बैल दिवसभर डोक्यातून गेला नाही.

प्रथम मी मामाला, म्हणजे त्या बाईच्या भावाला बोलावलं. अंगाने भरलेला, पान खाणारा, आणि बहिणीच्या बाबतीत तलवारीसारखा माणूस. कुणीतरी पोराला न्यायच्या बेतात आहे, इतकंच मी त्याला मोघम सांगितलं. तो हसला.

"त्याची काय मजाल, सायेब! तलाक झाल्यापासून पोट्ट्यावर त्याची सावली बी पडू देल्ली नाई म्या. दोनदा दुकानावर आल्ता, रडून राह्यला होता. म्या म्हनलं, बांगड्या घेनं आसन तं घे, नाई तं चालता हो."

हे तो मोठ्या अभिमानाने सांगत होता आणि मीही "शाबास" म्हणालो. डायरीत लिहिलं: मामा सावध आहे.

दुसऱ्या दिवशी कल्हईवाल्याला आणलं. काटकुळा माणूस, बोटं कल्हईच्या नवसागराने फुटलेली, नजर खाली. मी आवाज चढवला. चौकशीत आवाज चढवणं मला चांगलं जमे. ऐकणाऱ्यापेक्षा मीच दचकत असे.

"मोगलाईत कशाला चाललास?"

"सवारीले, सायेब. आमच्या गावची सवारी हाय. पोट्ट्याले फकीर कराचं हाय."

"पोरगा कोर्टानं आईकडे दिलाय, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक हाय."

"मग?"

"मंग काई नाई."

"समज नेलास, तर परत कधी आणणार?"

"बाराव्या रोजी," तो ताडकन म्हणाला.

माणसांचं मी एक पाहिलं आहे. परत यायचा खरा बेत असलेला माणूस अशा प्रश्नावर जरा घुटमळतो. बैल थकले तर, नदीला चिखल असला तर, असं काहीबाही म्हणतो. ज्याला यायचंच नाही, त्याला तारीख पाठ असते. पण नुसत्या उत्तराच्या घाईवर माणसाला अडकवता येत नाही. गाडीवानाचं बोलणं मी त्याच्यापुढे काढलं नाही. त्याला सोडून दिलं.

मला छळत होता तो निराळाच प्रश्न. मामाचा एवढा पहारा, बाई पडद्यात, पोरगं घराबाहेर पडत नाही. मग हा माणूस गाडी ठरवतो कुणाच्या भरवशावर? भिंत फोडून पोर नेणार आहे काय? गाडीवानाकडून वेळही कळली होती, सकाळची, उजेडातली. चोर उजेडाची वेळ ठरवत नाही.

यावर खूप विचार करून मी जे केलं, ते कोणीही विचार न करता केलं असतं. दोन शिपाई साध्या वेशात पैनगंगेच्या उतारावर पाठवले. नदीच्या वाळूत तेव्हा टरबुजांच्या वाड्या होत्या. माझे शिपाई तिथे आठवडाभर राहिले. परत आले तेव्हा एकाच्या पट्ट्याला पुढचं भोक पाडावं लागलं.

घरी जेवताना हे मंडळीला सांगितलं. ती धनजची, ऐकून घेताना गप्प बसणं तिच्या माहेरी कुणाला शिकवलेलंच नाही.

"तुमी बापाले इचारलं, मामाले इचारलं, गाडीवाल्याले इचारलं. मायले काहून नाई इचारलं?"

"ती पडद्यातली बाई. मी काय विचारणार?"

"तुमी नोका इचारू. मी येते ना."

अशा रीतीने तपासाचा दुसरा भाग सुरू झाला. त्या घरी मी बाहेर ओसरीवर खाटेवर बसलो, मुलाच्या नानीने, म्हणजे आजीने, पानाचं तबक पुढे केलं, आणि मंडळी पडद्याआड गेली. मामा दुकानावर होता. मी नानीला हवापाण्याचं विचारत राहिलो. आतलं बोलणं ऐकू येत नव्हतं. एकदा कुणीतरी रडल्यासारखं वाटलं आणि मग दोघी हसल्याही. बायकांच्या चौकशीत हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं, ते मला नोकरी संपेपर्यंत उलगडलं नाही.

मंडळी बाहेर आली आणि वाटेला लागल्यावर म्हणाली, "आत दोरीवर हिरवा कुडता वाळू घातला हाय. लहानसा. नवा."

"मग?"

"मंग काय? मामा म्हनते, पोट्टं सवारीले जाऊच देत नाई. तं माय हिरवा कुडता कायले शिवून राह्यली?"

मी रस्त्यातच थांबलो. घोडासुद्धा थांबला.

त्या बाईने मंडळीला सगळं सांगितलं होतं. या मुलाआधी तिची दोन लेकरं तान्हेपणीच गेली. मग नवराबायकोने सासरच्या सवारीला नवस बोलला: हा जगला, तर सात वर्षं मोहरमात याला फकीर करू. आपल्याकडे ही रीत हिंदूंतही होती; आमचा जमादार लहानपणी हिरवा कुडता घालून, गळ्यात नाडा बांधून, घरोघर भीक मागून आलेला होता, आणि त्याचं त्याला मोठं भूषण. आता तलाक झाला तरी नवस दोघांचा. तो मोडला आणि मुलाला काही झालं तर? या भीतीने त्या बाईला झोप नव्हती. भावाला सांगायची सोय नव्हती. म्हणून तिनेच नानीकरवी कल्हईवाल्याला निरोप धाडला होता: पाचव्या रोजी सकाळी भाऊ दुकानावर गेला की ये, पोराला ने, सवारी थंडी झाली, म्हणजे तिचं विसर्जन झालं, की आणून सोड. त्याने शपथ घेतली होती.

म्हणजे मूल पळवायला दार उघडून देणारी खुद्द आईच होती. आणि शपथ घेणाऱ्याने परतीची गाडी ठरवली नव्हती, हे तिला ठाऊक नव्हतं.

"तू सांगितलंस तिला?"

"सांगतलं. मंग म्हने, बाई, नाई पाठवलं तं पोट्टं जाईन, पाठवलं तं बी पोट्टं जाईन. मी काय करू?" मंडळीने पदराने तोंड पुसलं. "अन् एक सांगते. त्याईच्या घरची रीत हाय, फकिराले पह्यली भीक मायच्या हातची लागते. ते झोळीत पडल्याबिगर पोट्टं उंबरा वलांडत नाई."

आता मला त्या उजेडातल्या वेळेचा अर्थ लागला. हा माणूस मूल मोगलाईत दडवायला निघाला होता, आणि तरीही पहिली भीक चुकवायला तयार नव्हता. पळवायचं तर बाजाराच्या गर्दीतून उचलता आलं असतं. पण मग नवस अपुरा राहिला असता आणि तोच मुलगा धोक्यात आला असता. आम्ही शिकलेली माणसं नदीवर पहारा ठेवून बसलो होतो, आणि तो चोर सरळ आईच्या दारात येणार होता.

पाचव्या रोजी सकाळी, मंडळीकरवी त्या बाईला कळवून, मी त्या ओसरीच्या बाजूच्या खोलीत बसलो होतो. सोबत जमादार आणि, मी नको म्हणत असताना, मंडळी. काय करायचं ते मी ठरवलं होतं: तो पोराचा हात धरून उंबऱ्याबाहेर पडला की धरायचा. जमादाराने फक्त एवढंच विचारलं, "नवसाच्या पोट्ट्यापुढे बापाले बेड्या घालता, सायेब?"

गाडी आली. कल्हईवाला उतरला. नानीने पोराला बाहेर आणलं. हिरवा कुडता, गळ्यात लाल-हिरवा नाडा, खांद्याला बोटभर झोळी. पोरगं बापाकडे पाहत राहिलं. ओळखलं असावं, पण जवळ गेलं नाही. नानीच्या ओढणीआड गेलं.

मग पडद्याच्या कडेने एक हात बाहेर आला. मनगटात हिरव्या बांगड्या, मुठीत ज्वारी. पोराने झोळी पुढे धरली. हात झोळीवर आला आणि थांबला. मूठ उघडली नाही.

"टाक ना," कल्हईवाला म्हणाला. "बैल खोळंबले."

पडद्याआडून आवाज आला, अगदी हळू. "परतीची गाडी कोनती?"

"येईन ना मी. कसम खाल्ली ना."

"कसम झाली. गाडी कोनती?"

गाडीवान बाहेर उभा होता; त्याने दुसरीकडे तोंड फिरवलं. मूठ तशीच झोळीवर. पोरगं कधी मुठीकडे, कधी बापाकडे पाही. मी जागचा उठलो, तर मंडळीने माझा पट्टा मागून धरला. फौजदाराला असं कुणी धरलेलं जमादाराने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"नाई आनत," कल्हईवाला शेवटी म्हणाला आणि उंबऱ्यापाशी खालीच बसला. "नाई आननार होतो. सात सालाचा होईलोक थांब म्हनते कोरट. मंग तं त्यो माहाच हाय. पन तवर तुहा भाऊ मले त्याचं तोंड पाहू देते काय? आता पाह्य, मले पाहून लपून राह्यला. तवा मले चाचा म्हनन, सायेब!" हे शेवटचं त्याने मी ओसरीवर आलो होतो म्हणून मला म्हटलं. मी आत होतो याचं त्याला नवलही वाटलं नाही.

मी जमादाराला पाठवून मामाला दुकानातून आणलं. तो आला तो बांगड्या ओवायचा लोखंडी गज हातात तसाच घेऊन, मारायच्याच तयारीने.

"बाप्पा रे! ह्या घरात पाय ठेवला तुनं?"

"भौ, मीच बलावलं," पडद्याआडून बहीण म्हणाली.

मामाचा हात खाली आला. तलवारीला अचानक म्यान सापडावं तसं झालं.

मी त्याला विचारलं, "कोर्टाच्या हुकुमात बापाला भेटू देऊ नका असं कुठे आहे?"

"नाई. पन भेटू द्या असं बी कुठी हाय?"

हुकूम करणाऱ्याने त्याचा विचारच केला नसावा. तेव्हा मंडळी मागून म्हणाली, "सवारीले पोट्टं जाऊ द्या. पन मामानं संगं जा. अन् मामानंच परत आना."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. मीसुद्धा. मग मीच ते सुचवल्यासारखा चेहरा केला.

मामाने आधी नाही म्हटलं, मग दुकानाचं निमित्त केलं, मग बहिणीच्या मुठीकडे पाहिलं. मी दोघांकडूनही लिहून घेतलं: बाप बाराव्या रोजी मूल परत पाठवील, मामा दर बाजाराच्या दिवशी मुलाला ठाण्याच्या ओसरीवर बापाला भेटायला आणील. कायद्याच्या नजरेने त्या अंगठ्यांची किंमत शून्य होती. पण ठाण्याच्या शाईने अंगठा काळा झाला की आपल्याकडची माणसं तो सहज विसरत नाहीत.

मूठ उघडली. ज्वारी झोळीत पडली. पोराने ओळीने सगळ्यांपुढे झोळी धरली. जमादाराने सुपारी टाकली. माझ्या खिशात सरकारी शिट्टीखेरीज काही नव्हतं. त्याला तीच हवी होती. मोठ्या मुश्किलीने सोडवून घेतली आणि मंडळीने गुळाचा खडा देऊन सरकारची अब्रू राखली.

ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सर्कल इन्स्पेक्टरांना कळलं असतं, की कोर्टाने आईला दिलेलं मूल फौजदाराने स्वतः हात हलवून मोगलाईत रवाना केलं, तर माझी बदली घोड्याच्या जागी झाली असती. होळीच्या बंदोबस्तात माझं लक्ष नव्हतं. कुणाचं कुंपण उपसलं गेलं तेही मला दुसऱ्या दिवशी कळलं. ती बाई काय करत होती ते मंडळी सांगे. दारातच बसून असते म्हणे. पडद्याबाहेर.

बाराव्या रोजी दिवस कलताना गाडी आली. ठाण्याशी न थांबता सरळ तिच्या दाराशी गेली. मी धापा टाकत पोचलो, तेव्हा मुलगा आईच्या मांडीवर झोपलेला होता, आणि मामा आणि कल्हईवाला दोघंही गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. कल्हईवाला पोराला पोचवायला सोबत आला होता, हे लिहून घेतलेल्यात नव्हतं.

गाडीवानाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "जाताना दोघंबी बोलले नाई, सायेब. येक पूर्वेले तोंड करून बसला, येक पच्चिमेले. येताना नदीत चाक रुतलं. मी म्हनलं, उतरा आता. दोघाईनं धक्का देल्ला. तवापासून भांडून राह्यले, चाक कोनामुळं निघालं म्हून. पन बोलून तं राह्यले!"

पुढच्या बाजारी मामा पोराला घेऊन ठाण्यावर आला आणि खांबाला टेकून उभा राहिला. बापलेक समोरासमोर बसले.

"काय खाल्लं?" बाप म्हणाला.

"रोटी."

झालं. जमादार उठून आत गेला आणि शिपायांच्या डाळीचं पातेलं घेऊन आला. "ह्याले कल्हई पाह्यजे," तो म्हणाला. कल्हईवाल्याने ओसरीखालीच भट्टी मांडली आणि भात्याची दांडी पोराच्या हातात दिली. विस्तव फुलला, नवसागराचा धूर उठला, पातेलं आतून चांदीसारखं झालं आणि पोरगं प्रथमच मोठ्याने हसलं. मामाने पान थुंकून टाकलं आणि जवळ येऊन पाहू लागला.

नोकरीत पुढे अशी भांडणं पुष्कळ आली, तलाकची आणि आपल्याकडच्या काडीमोडाचीही. मूल कुणी नेलं, कुठे नेलं, कोणत्या वाटेने, हे शोधायला खात्याने मला शिकवलं होतं. त्या घटनेनंतर मी आधी दुसरीच गोष्ट विचारू लागलो: ज्याच्यापाशी मूल नाही, त्याला ते शेवटचं कधी भेटू दिलं? बहुतेक वेळा त्या उत्तरातच पुढचा गुन्हा बसलेला असे, आणि तो घडायच्या आधी आवरण्याची सोयही. हे शहाणपण कुणाचं, ते सुरुवातीला सांगितलंच आहे; मंडळी आता आतून "लिहिलं काय माहं नाव?" असं विचारते आहे.

माझी बदली झाली तेव्हा नव्या फौजदाराने चार्ज घेताना सगळी मालमत्ता तपासली. घोडा पाहून त्याने सुस्कारा टाकला. मग स्वयंपाकाच्या खोलीत डोकावून म्हणाला, "या ठाण्यातली भांडी एवढी लखलखीत कशी?"

मी म्हणालो, "बाजाराच्या दिवशी ओसरी मोकळी ठेवा. आणि भांडं कितीही लखलखीत दिसलं, तरी कल्हईला टाका."